पाच हजार त्र्याहत्तर जादा मतं

होडीवाल्या मामा, हळू लाव होडी
भाईच्या खिशात माझ्या खुशालीची घडी

एकवीस वर्षं झाली, पण हा आवाज मुनाफच्या कानातून उतरला नव्हता. खाडीच्या धक्क्यावर ओढणी वाऱ्यावर सोडून त्याची धाकटी बहीण सकिना गात होती. ओळी तिच्याच. ती कशावरही ओळी जुळवायची, मांजरावर, सुकत घातलेल्या बोंबलांवर, मौलवीसाहेबांच्या छत्रीवर. त्या दिवशी विषय होता तिचा मॅट्रिकचा निकाल, आणि तो निकाल बघून मुनाफ चिपळूणहून परत येत होता. त्याच्या खिशात खरोखरच घडी होती. वर्तमानपत्राचं पान, त्यात पास झालेल्यांचे नंबर, त्यातल्या एकाखाली पेन्सिलीची रेघ.

आणि डोक्यात बाबांचा आदल्या रात्रीचा शब्द होता. "विलायतचं स्थळ चालून आलंय. पास झाली तर फुडं शिकायचं म्हनंल. निकाल कायबी लागू दे, तू नापास सांग."

मुनाफ होडीतून उतरला आणि म्हणाला, "नापास."

सकिनाने तिसरी ओळ कधीच गायली नाही. शाळा उघडायच्या आत निकाह झाला, आणि महिन्याभरात ती इंग्लंडच्या उत्तरेला थॉर्नडेल नावाच्या गावी, धुक्यात आणि गिरण्यांच्या भोंग्यांत जाऊन पडली. पान मुनाफपाशीच राहिलं.

आता या गोष्टीत एक गुप्तहेरही आहे; तो कुठे आला, असं कुणी विचारील. गुप्तहेराची वाट बघावी लागत नाही. तो आधीच आलेला असतो आणि चहा मागत असतो.

"मुनाफ, तू लिहून घे," सदानंद हर्डीकर म्हणाला. "दम्मामपासून तबूकपर्यंत, वाळवंट धरून, मराठीत विचार करणारा एकच अन्वेषक आहे. त्याची नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची."

"आणि भूक?" मुनाफने विचारलं.

"भूक मध्यम. ते लिहू नकोस."

सदानंद मूळचा नाशिकचा. सौदी अरेबियात, दम्मामला, एअर कंडिशनरचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, 'टायपिस्ट' लिहिलं होतं, कारण कफीलला, म्हणजे इथल्या मालकाला, टायपिस्टाचाच व्हिसा मिळाला होता. सदानंदने मात्र नाशिकहून शंभर कार्डं छापून आणली होती: 'सदानंद हर्डीकर, अन्वेषक. संशय तिथे सदानंद.' ती कार्डं या देशात कुणाला देण्याची सोय नव्हती, म्हणून फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात होती. त्याच्या पत्नी हेमलतावहिनी कोथिंबीर काढताना रोज एकदा ती वाचायच्या आणि पुन्हा झाकायच्या.

मुनाफ त्याच कंपनीच्या गोदामात, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. जानेवारीत युद्ध सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्याने बायकोला, शरफुन्निसाला, गावी पाठवलं. तेव्हापासून तो हर्डीकरांकडे जेवत होता, आणि जेवणाच्या बदल्यात सदानंदचा मदतनीस म्हणून काम करत होता. वरण चांगलं असायचं, म्हणून तो टिकला.

युद्ध संपून दोन महिने झाले होते. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या अजून होत्या, आणि उत्तरेचं वारं सुटलं की कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर दम्मामवर उतरायचा. दोरीवरचे पांढरे कपडे राखाडी होऊन घरात यायचे.

"तू आज खोबारला जाऊन आलास," सदानंदने परवाच मुनाफकडे रोखून बघत सांगितलं होतं.

"नाय. गोदामातून आलो."

"पण तुझ्या कॉलरवर काजळी आहे."

"सगळ्या दम्मामच्या कॉलरवर काजळी हाय, सदाभाऊ."

"म्हणजे माझं निरीक्षण तुझ्यापुरतं मर्यादित नव्हतं. लिहून घे."

हे प्रकरण खरं सुरू झालं जानेवारीतच. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की तिघं हर्डीकरांच्या न्हाणीघरात शिरायची, कारण त्याला खिडकी नव्हती. दाराच्या फटींना पट्टी लावायची, विषारी वायूसाठी दिलेले मास्क चढवायचे, आणि बादली, टमरेल यांच्यामध्ये बसून राहायचं. सदानंद मास्कच्या आतून क्षेपणास्त्रांबद्दल व्याख्यान द्यायचा. बाहेर फक्त 'हुंऽ हुंऽ' ऐकू यायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, ह्यांचं बोलणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

प्रत्येकाच्या मांडीवर कागदपत्रांची पिशवी असायची. मुनाफच्या पिशवीत इकामा, बायकोचे फोटो, आणि ते पान. एका भोंग्याच्या वेळी ते सदानंदच्या नजरेला पडलं. पिवळा कागद, त्यावर नंबरांच्या रांगाच रांगा, एकाखाली पेन्सिल. भोंगा थांबल्यावर त्याने मास्क काढला आणि मुनाफला बाजूला घेतलं.

"मला सगळं कळलंय. तुला लॉटरी लागली होती."

"नाय, सदाभाऊ."

"आणि तू बक्षीस घ्यायला गेला नाहीस. का, ते मी शोधीन."

मुनाफने पान पिशवीत सरकवलं. त्याच दिवशी इंग्लंडहून फोन आला होता. टीव्हीवर दम्माम बघून सकिना रोज फोन करायची. "भाय, जिता हायस ना? मग ऐक. इथले लोक माझ्या मागं लागलेत, मेमध्ये कौन्सिलला उभी रहा म्हनून. म्युनिसिपालटी रे, आपली चिपळूनची तशी. वीस वर्सं शाळंच्या भटारखान्यात पोरांना वाढते, अख्खा वॉर्ड मला वळकतो. पन पत्रकावर शिक्षन लिवायची येळ आली की हात थांबतो. आमचे ह्ये म्हनतात, मॅट्रिक नापास बाईला कोन मत दील."

मुनाफने फोन ठेवला आणि पुढच्या भोंग्याला, बादलीशेजारी, मास्कमध्ये, मनाशी कबूल केलं: सकू निवडून आली तर मी तिला खरं सांगीन. हरली तर सांगायला तोंडच उरणार नाही. कारण मग पहिली हारही माझ्यामुळे आणि दुसरीही माझ्याचमुळे.

मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेला थॉर्नडेल बरोमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, मतदान झालं. शनिवारी सकाळी कंपनीच्या फॅक्सवर निकाल आला. फॅक्स कॉम्प्युटरच्या खोलीत, म्हणून तो पहिल्यांदा पडला सदानंदच्या हातात.

तो दुपारी बाराला गोदामात आला तो पाय न वाजवता, आणि त्यामुळे दारातल्या कॉम्प्रेसरला अडखळला.

"मुनाफ, मन घट्ट कर. पुरावा आलाय."

"कसला?"

"तुझ्या बहिणीच्या निकालाचा. सकाळी आठलाच आला. मी सुरक्षित जागी ठेवला होता, गाडीत, डॅशबोर्डवर, माझ्या डायरीखाली."

कागद गुळगुळीत, कडा वळलेल्या. इंग्रजीत वर 'थॉर्नडेल बरो कौन्सिल, कॅनल वॉर्ड'. खाली सहा नावं आणि प्रत्येकापुढे मतं. उजव्या बाजूला, आकड्यांच्या पलीकडे, वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंद काळी पट्टी. आणि तळाला सकिनाच्या मुलाचं, मुआजचं, घाईचं अक्षर: 'मामू, अम्मी तिसरी! फोन करा.'

मुनाफने नाव शोधलं. परकार, सकिना. यादीत सर्वांत शेवटी.

"शेवटची," सदानंद म्हणाला. "मी आधी बघितलं, पण तुला धक्का बसू नये म्हणून बोललो नाही."

"ह्ये एबीसीडीप्रमानं लावलेलं हाय, सदाभाऊ. बाकीच्यांची नावं 'पी'च्या आधीची."

सदानंदने कागद उलटा केला, सुलटा केला. "तेच मी म्हणत होतो. आकडे बघ."

मतं बघितली तर सकिना तिसरी निघाली. पहिल्या बाईला तेराशे अठ्ठ्याण्णव, दुसऱ्या गृहस्थाला तेराशे एकाहत्तर, सकिनाला तेराशे बारा. खालचे तिघं बाराशेच्या आसपास. मुनाफने कॉम्प्रेसरच्या खोक्यावर बसून घेतलं. तिसरी. त्याच्या गावी सरपंचाच्या निवडणुकीत तिसरा आलेला सुतार सहा महिने मशिदीत मागच्या रांगेत बसायचा.

"पण पोरानं फुडं ते चिन्ह दिलंय," तो आशेने म्हणाला. "ती उभी रेघ आणि टिंब."

"शोकाचं उद्गारचिन्ह," सदानंद म्हणाला. "अरेरे, याच्यापुढे येतं ते. तू फोन करणार?"

मुनाफने कागदाची घडी केली. खिशात घातली. ती नेमकी डाव्या खिशात गेली, जिथे एकवीस वर्षांपूर्वी होडीत ते पान होतं, आणि त्याचा हात तिथेच राहिला.

"काय सांगू फोन करून? नापास झालीस, असं मी तिला येकदा सांगितलंय. परत नाय सांगवत."

"तिला निकाल माहीत आहे, मुनाफ."

"तिला म्हाईत हाय. पन माझ्या तोंडून नको."

सदानंदला अशा जागी काय बोलायचं ते कळत नसे. मग तो तपास करी. त्याने तोच कागद मुनाफच्या खिशातून हळूच परत काढला आणि कॅल्क्युलेटर घेतला.

संध्याकाळपर्यंत सदानंदकडे तीन सिद्धान्त तयार होते. घरी जाताना गाडीत त्याने ते क्रमाने मांडले. गाडी चालवताना तो दोन्ही हात वापरून बोलत असे, म्हणून मुनाफ हँडल धरून बसला.

पहिला सिद्धान्त बिस्किटांचा. फॅक्सच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचं नाव होतं एका बिस्किट कारखान्याचं. "निवडणुकीचा निकाल बिस्किट कारखान्याने का पाठवावा? उघड आहे. मतदारांना बिस्किटं वाटली."

"मुआज तिथं कारकून हाय. तिथलं मशीन वापरलं असंल."

"म्हणजे घरातलाच माणूस फुटला." सदानंदने गिअर बदलला. "दुसरा सिद्धान्त, सेन्सॉर. ही काळी पट्टी बघ. आपल्याकडे परदेशी मासिकं येतात, त्यातल्या बायकांच्या दंडांवर कस्टमवाले काळा मार्कर फिरवतात की नाही? युद्धात त्यांनी फॅक्सच्या तारांतही माणूस बसवला असणार. निकालातला एक रकाना त्याने मिटवला. त्या रकान्यात असं काय होतं, जे सौदी सरकारला नको होतं?"

"कॅनल वॉर्डाचं?"

"तोच तर प्रश्न आहे."

मुनाफने बाहेर बघितलं. खजुराच्या झाडांवर काजळी बसून ती दुखवट्याला आल्यासारखी रांगेने उभी होती. समोर सूर्य मावळत होता, जुन्या तांब्याच्या पैशासारखा, डोळे न मिटता बघता येईल असा. थॉर्नडेलला आता पाऊस असेल. सकू छत्री न घेताच बाहेर पडते, ती लहानपणापासून तशीच.

"आणि तिसरा," सदानंदने आवाज खाली आणला, "तिसरा ऐकून तू उभा राहशील. गाडीत आहेस म्हणून नको राहूस. मी सहाही जणांची मतं मिळवली. सात हजार सहाशे सत्याऐंशी. आता खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? वापरलेल्या मतपत्रिका, दोन हजार सहाशे चौदा."

"मंजे?"

"म्हणजे मतदानाला माणसं आली दोन हजार सहाशे चौदा, आणि मतं पडली साडेसात हजारांवर. पाच हजार त्र्याहत्तर मतं बोगस. मुनाफ, मेलेली माणसं उठून येतात हे ऐकलं होतं, पण इतकी? तिथलं सगळं कब्रस्तान रांगेत उभं असणार. तुझी बहीण हरली नाही. तिला हरवलंय."

हे मात्र मुनाफला लागलं. त्याने स्वतः दोनदा मिळवणी केली, एकदा कॅल्क्युलेटरवर, एकदा बोटांवर. आकडा तोच. एका माणसाच्या लबाडीने सकू एकदा नापास झाली होती. आता म्हणे पाच हजारांच्या लबाडीने.

"काय करायचं, सदाभाऊ?"

सदानंद या प्रश्नाची आयुष्यभर वाट बघत होता. त्याने बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. दुपारीच तयार ठेवला होता. 'प्रति, मुख्य निवडणूक अधिकारी, थॉर्नडेल बरो' इथून सुरुवात, आणि शेवटी मागणी: कॅनल वॉर्डाचा निकाल संपूर्ण रद्द करावा, निवडून आलेल्या सर्वांना पदावरून दूर करावं, आणि मतदान नव्याने घ्यावं. खाली सहीची जागा: मुनाफ, पीडित उमेदवाराचा सख्खा भाऊ.

"उद्या सकाळी आठला फॅक्स करतो. नंबर या कागदाच्या माथ्यावर आहेच."

तो नंबर बिस्किट कारखान्याचा होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

हेमलतावहिनींनी ताटं वाढली. वहिनी भारतीय शाळेत भूगोल शिकवायच्या आणि घरात मोजकं बोलायच्या, कारण घरातलं बोलणं आधीच भरपूर होत असे. मुनाफचा चेहरा बघून त्यांनी त्याच्या वरणावर तूप जास्त सोडलं.

"जेवा आधी, मुनाफभाई. सह्या मग करा."

"आधी सही," सदानंद म्हणाला. "न्याय उष्ट्या हाताने होत नाही."

मुनाफने पेन घेतलं. एकवीस वर्षांपूर्वी एक शब्द बोलून त्याने बहिणीचं वाकडं केलं होतं. सही करून सरळ होत असेल तर हवी तितकी करील. पेनाचं टोक कागदावर टेकलं.

"कसली सही?" वहिनींनी भाताचा डाव खाली ठेवत विचारलं.

सदानंदने प्रकरण सांगितलं. बिस्किटं, सेन्सॉर, कब्रस्तान. पाच हजार त्र्याहत्तर हा आकडा त्याने तीन वेळा उच्चारला, प्रत्येक वेळी थोडा सावकाश. वहिनींनी फॅक्सचा कागद हातात घेतला आणि काळ्या पट्टीवर नख ओढलं. नखामागे आणखी काळी रेघ उमटली.

"हा कुठे ठेवला होता?"

"सुरक्षित. डॅशबोर्डवर."

"उन्हात?"

"गाडी सावलीत होती. आठ वाजता."

"आणि बारा वाजता?"

सदानंदने पापडाचा तुकडा मोडला.

"फॅक्सचा कागद तापला की काळा होतो, अहो. शाळेत एकदा परीक्षेचं वेळापत्रक खिडकीत राहिलं, त्याची पाटी झाली. डायरीखाली होतं तेवढं वाचलं, बाहेर राहिलं ते भाजलं. तुमचा सेन्सॉर मावळला आत्ताच, वाळवंटात."

मुनाफने पेन थोडं उचललं.

"बरं, पट्टीचं सोड," सदानंद म्हणाला. "पण आकडे? दोन हजार सहाशे माणसं साडेसात हजार मतं कशी देतील?"

वहिनी भात वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "आपल्या मराठी मंडळाची गेल्या वर्षी निवडणूक झाली. कुठे झाली?"

"इथेच. या हॉलमध्ये. मतपेटी म्हणून आपला मोठा कुकर."

"मतमोजणी कुणी केली?"

"मी केली. निःपक्षपातीपणे."

"माणसं किती होती?"

"एकेचाळीस."

"आणि मतं किती निघाली?"

हत्तीच्या स्मरणशक्तीला कुठे नकार देता येतो. "दोनशे सत्त्याऐंशी," सदानंद म्हणाला, आणि हळूहळू त्याचा घास थांबला.

"मेलेली कितीजणं आली होती?"

"कार्यकारिणीत सात जागा होत्या, हेमा. प्रत्येकाने सात नावं लिहायची होती."

"आणि तुम्ही कितवे आलात?"

सदानंद पाणी प्यायला. बरंच प्यायला.

"आठ उमेदवारांत हे सातवे आले, मुनाफभाई," वहिनी म्हणाल्या. "निवडून आले म्हणून वीस मिनिटं भाषण केलं, आणि मला श्रीखंड करायला लावलं. या वॉर्डात तीन जागा असतील. माणशी तीन फुल्या. दोन हजार सहाशे चौदाला तीनने गुणा, म्हणजे सात हजार आठशे बेचाळीस. कुणी दोनच दिल्या, कुणी एकच, म्हणून थोडी कमी भरली. पहिले तिघं निवडून आले, आणि काळ्या पट्टीखाली त्या तिघांपुढे तेच लिहिलेलं असणार."

मुनाफने फॅक्स स्वतःकडे ओढला.

"मंजे," मुनाफ म्हणाला. पुन्हा म्हणाला, "मंजे तिसरी मंजे..."

"तिसरी म्हणजे निवडून आलेली. आणि तुम्ही आत्ता तिचा निकाल रद्द करा म्हणून सही करत होतात."

मुनाफने पेन असं खाली ठेवलं, जणू ते चावेल. कागदावर त्याच्या नावाचा 'मु' उमटून राहिला होता. सदानंदने तो अर्ज उचलला, चार घड्या केल्या, आणि ताटाखाली सारला.

"मी या निष्कर्षाच्या अगदी जवळ आलो होतो," तो म्हणाला. "माणसांची संख्या, मतांची संख्या, दोन्ही मीच शोधली. फक्त भागाकार राहिला."

"राहिला खरा," वहिनी म्हणाल्या. "वरण घ्या."

मुनाफ हात धुऊन आला. साडेसात वाजले होते. इंग्लंडात साडेपाच. सदानंदने फोन त्याच्यापुढे सरकवला आणि स्वतः नंबर फिरवून दिला. मग वहिनींनी नवऱ्याची बाही धरली आणि त्याला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे नेलं. दारातून तो पुढे आला नाही, एवढा मोठेपणा त्याने दाखवला. पण कान सशाचे होते, ते त्याने तिथेच ठेवले.

पलीकडे चार वेळा घंटी गेली.

"हॅलो?"

"सकू."

"भाय?" मग थोडा वेळ नुसती माणसांची गडबड, कुणाचं हसणं, कपबशा. "आता फोन करतोस? दोन दिस झालं मी वाट बघते. मुआजनं कागद पाठवला नाय?"

"आला. पन उन्हात काळा पडला."

"कागद काळा पडला नि तू गप बसलास? मना वाटलं, भायला पसंत नाय. बाईमानूस, कौन्सिल, असं कायतरी तुझ्या मनात."

"नाय गं. मी समजलो, हरलीस."

"तिसरी आले रे. शेवटच्या मोजनीपत्तूर जीव खाली-वर. माझं नाव पुकारलं तवा मी उठलेच नाय. शेजारच्या बाईनं ढकलली." ती हसली, आणि हसण्यात ती धक्क्यावरची ओढणी अजून होती. "आता आमचे ह्ये सगळ्यांना सांगत सुटलेत, मॅट्रिक नापास कौन्सिलर बघा म्हनून. कौतुकानंच म्हनतात. मी पन हसते. पन तुला सांगू? मंगळवारी कौन्सिलात पयल्यांदा जायचं, तर रातची झोप येत नाय. वाटतं, तिथं कोन तरी उठंल नि इचारील, तू पास कवा झालीस?"

मुनाफने शर्टच्या खिशात हात घातला. फॅक्स तिथे नव्हता, तो ताटाशेजारी होता. खिशात दुसरा कागद होता. सही करायला बसण्याआधी वर जाऊन त्याने तो पिशवीतून आणला होता. का आणला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. घड्या इतक्या जुन्या की उलगडताना दोन जागी फाटला.

दारातून सदानंदने तो पिवळा कागद बघितला आणि कुजबुजला, "लॉटरी."

"गप बसा," वहिनी म्हणाल्या.

"भाय? हायस ना?"

"हाय. तू कोनाजवळ उभी हायस? येकटी हो जरा."

तिकडे दार लागल्याचा आवाज झाला. कपबशा थांबल्या.

"बोल."

"तुझा नंबर काय होता? मॅट्रिकचा."

सकिनाला आठवायला वेळ लागला नाही. एकवीस वर्षांत एकदाही लागला नसावा. "चोवीस हजार सातशे एकतीस. का रे?"

मुनाफने कागद दिव्याकडे धरला. पेन्सिलीची रेघ पुसट झाली होती, पण आकडा जागेवर होता.

"होडीतनं उतरलो तवा माझ्या खिशात पान होतं," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलं म्हनून मी खोटं बोललो. ते पान आता हातात हाय, सकू, मी वाचून दाखवतो. चोवीस हजार सातशे अठ्ठावीस. चोवीस हजार सातशे तीस. चोवीस हजार सातशे एकतीस. तू पास झाली होतीस."